मावशीला उशिरा सांगितलेली गोष्ट

मी सोलापूर सोडलं त्या सकाळी आप्पांनी माझी बॅग उचलली नाही. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण सोलापूर स्टेशन म्हटलं की मला तीच आठवते. आप्पा, म्हणजे माझे वडील, पायऱ्यांवर माझ्या बाजूनं मोकळ्या हातांनी चालत होते आणि मी खांद्यावर बॅग, एका हातात बादली, दुसऱ्या काखेत गुंडाळलेली गादी घेऊन. वर्षभरापूर्वी नवी पेठेतून बाजार करून येताना त्यांनी माझ्या हातातली कापडाची पिशवीसुद्धा काढून घेतली होती, मुलीच्या जातीनं ओझं उचलू नये म्हणून. त्या सकाळी मात्र गाडी हलायच्या आधी ते खिडकीशी आले आणि म्हणाले, “तू आता आमचा मुलगाच आहेस. आम्हाला तुझी काळजी नाही.”

समोरच्या बाकावरच्या एका बाईंनी कौतुकानं मान हलवली. मलाही ते कौतुकच वाटलं. मी अठरा वर्षांची होते. आई तोंडाला पदर लावून उभी होती, आणि चौदा वर्षांची अंजू, माझी धाकटी बहीण, खिडकीचे गज धरून “मला पण ने की गं ताई” म्हणत रडत होती.

पुण्याची गाडी पॅसेंजर होती, सगळीकडे थांबणारी. जेऊरला सुमन मावशी प्लॅटफॉर्मवर उभी होती. जेऊर हे आईचं माहेर आणि मावशी आईची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांनी तिला सासरहून परत पाठवलं होतं, मूल होत नाही म्हणून. तेव्हापासून ती भावाच्या शेतावर राबत होती. उंच, मोठ्या हाडाची, लांब टांगा टाकत चालणारी. एकेक खिडकी बघत ती धावत आली, लाडवांचा डबा आत सरकवला आणि गजांमधून माझा कान जवळ ओढून म्हणाली, “हास्टेलात बी चार दिस बाजूला बसत जा गं. पोरी लई चौकस असत्यात.”

ती असं का म्हणाली ते सांगायचं तर वर्षभर मागं जायला हवं.

सतरा पूर्ण झाली तरी मला पाळी आली नव्हती. बाकी सगळं वर्गातल्या मुलींसारखंच होतं, किंबहुना मी त्यांच्यापेक्षा उंच आणि नितळ कांतीची म्हणून नातेवाइकांत माझं नाव होतं. आमच्या शेजारी एक विणकर कुटुंब राहायचं. घरात ते तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. तिथल्या अक्का दर दोन महिन्यांनी आईला विचारायच्या, “अजून न्हाई का हो पोरीला?” शेवटी आईनं मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त पुण्याला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा आईआप्पा केबिनमध्ये आणि मी बाहेरच्या बाकावर. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. आप्पा माझ्याकडं न बघता जिना उतरून गेले. आई म्हणाली, “पोटात दोन छोट्या गाठी आहेत. काढल्या की झालं.”

त्या काढल्या. गर्भपिशवीची वाढ झालेली नाही, पाळी येणार नाही, रोज एक गोळी घ्यायची, एवढंच मला सांगण्यात आलं. आणि कुणाला बोलायचं नाही.

मग मावशी जेऊरहून आली, महिनाभर राहायला. तिनं मला जे शिकवलं ते आज सांगतानाही माझा मलाच विश्वास बसत नाही. दर महिन्याला एक तारीख धरायची. त्या दिवशी सकाळी देवघराकडं जायचं नाही, मागच्या दाराशी चटई टाकून बसायचं, ताट वेगळं घ्यायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करायची. “तारीख येक-दोन दिस मागंफुडं करत जा,” ती म्हणाली, “दर बारीला त्योच दिस आला तर बायकांच्या ध्यानात येतं.” मी चटईवर बसले की अक्का दारातून बघायच्या आणि आईकडं पाहून हसायच्या. आई पण हसायची.

मावशीला हे इतकं बारीकसारीक कसं ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझ्याच गोंधळात होते मी. घरात आणखी एक बदल झाला होता आणि त्याचा मला आनंदच होत होता. आई मला स्वयंपाकाला बोलवेनाशी झाली. भाकऱ्या अंजूच्या गळ्यात पडल्या. आप्पा एका शाळेत क्लार्क होते, त्यांची स्कूटर म्हणजे त्यांचा जीव. एके दिवशी त्यांनी तिची किल्ली माझ्या हातात ठेवली. गच्ची गळत होती तर गवंड्यासमोर मला विचारलं, “तुझं काय मत?” सतरा वर्षांत त्यांनी मला भाजी कुठली आणू एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. आजारपणामुळं लाड चाललेत असं मला वाटलं. अंजूला मात्र ते लागत होतं. “तिला सगळं, मला काहीच नाही,” ती म्हणायची. आणि पुढं शिकायला मला पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा सगळी गल्ली आप्पांचं कौतुक करत होती. स्थळं यायला लागायच्या आत मला गावाबाहेर काढायचं होतं, हे कौतुक करणाऱ्यांना कळलं नाही आणि मलाही नाही.

पुण्याच्या हॉस्टेलमध्ये बाजूला बसणं वगैरे काही नव्हतं. तिथं मी दर महिन्याला पॅडचं पाकीट आणायची, रूममेटला दिसेल असं कपाटात ठेवायची आणि मग एकेक पॅड कागदात गुंडाळून कोरंच टाकून द्यायची. पाच वर्षं.

तेविसाव्या वर्षी, एम.एस्सी. संपता संपता, आम्हाला लॅबमध्ये गुणसूत्रं बघायला शिकवलं. सरावासाठी प्रत्येकानं स्वतःचंच रक्त वापरायचं. मायक्रोस्कोपखाली घेतलेल्या फोटोतून एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावायच्या. बावीस जोड्या जमल्या. तेविसाव्या जोडीत दोन एक्स हवे होते. एक मिळाला. दुसऱ्याच्या जागी उरलं होतं ते छोटं, बुटकं वाय.

मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, “सॅम्पल बदललंय तुझं कुठल्या तरी मुलाशी. परत कर.” मी परत केलं. पुन्हा तेच. त्यांना सांगितलं, हो मॅडम, बदललं होतं, आणि दोन्ही फोटो बॅगेत टाकून खोलीवर आले.

नंतरचं सगळं मी पुस्तकांतून काढलं. पोटात मूल वाढताना वाय असेल तर शरीर एक हार्मोन तयार करतं आणि त्याच्या सांगण्यावरून ते मुलाचं घडत जातं. माझ्या शरीरात ते हार्मोन होतं, पोटातल्या त्या दोन गाठीच ते तयार करत होत्या, पण शरीराला त्याचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. म्हणून ते मुलीचं घडलं. फक्त गर्भाशय तेवढं तयार झालं नाही. हा दोष आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या लेकरांत उतरू शकतो. तिच्या बहिणींतही असू शकतो. त्या ओळीपाशी मी थांबले.

त्या शनिवारी सोलापूरला गेले आणि आईपुढं फोटो ठेवले. तिनं कपाटातून जुनी फाइल काढून दिली. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला सांगू नका, मोडून जाईल. म्हणून नाही सांगितलं.” मला गच्ची आठवली, स्कूटरची किल्ली आठवली, स्टेशनच्या पायऱ्या आठवल्या. माझ्यात काहीच बदललं नव्हतं. हात तेच, आवाज तोच, सवयी त्याच. एका कागदावर एक अक्षर आलं होतं आणि त्या अक्षरासाठी आप्पांनी मला माणूस म्हणून मोजायला सुरुवात केली होती. मी त्यांची मुलगी असताना जे मिळण्याजोगं नव्हतं ते सगळं मला त्या अक्षरामुळं मिळालं. आणि अंजू, जिच्या अंगात दोन एक्स होते, ती भाकऱ्या करत होती.

“मावशीचं पण असंच आहे ना?” मी विचारलं.

आईनं कपाटाचं दार लावलं. “असणार,” ती म्हणाली. “म्हणून तर विहिरीत पोरांसारखी पोहायची ती. पण ताईला एका शब्दानं बोलू नको. तिनं कसं तरी आयुष्य काढलंय. माझी शपथ आहे तुला.”

त्याच सुट्टीत मी जेऊरला गेले. मावशीनं चुलीपुढं बसवून भाकरी वाढली आणि आपणहून बोलायला लागली. तिनंही सासरी चार वर्षं महिन्याचे महिने बाजूला बसून काढले होते. “मला ठावं हाय का झालं त्ये,” ती म्हणाली. “ल्हानपनी लई उड्या मारल्या हिरीत. पोटावर पानी आपटलं आन् आतलं सुकून गेलं. आय सांगत हुती नगं नगं, म्या ऐकलं न्हाय. त्ये म्हनत, तू फसवलंस मला. त्येंचं बी काय चुकलं?” ‘त्ये’ म्हणजे तिचा नवरा. त्यानं दुसरं लग्न केलं होतं. “तुला कसं झालं कुनास ठाऊक. तू तर कवा हिरीत उतरली न्हाईस.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मावशी, पोहण्यानं काही होत नाही. तू पोहलीस कारण शेतात विहीर होती, तू थोरली होतीस आणि तुला अडवायला कुणाला वेळ नव्हता. उलट त्या हार्मोनचं तर तुझ्या शरीरानं कधी ऐकलंच नाही, मग त्यानं तुला पोरांसारखी करावं कसं? आई म्हणत होती ते चूक आणि मावशी म्हणत होती तेही चूक. मला दोन्ही माहीत होतं आणि मी भाकरी खात राहिले.

आईची शपथ होती, असं मी पुढं स्वतःला सांगत आले. खरं कारण ते नव्हतं. मावशीला सांगायचं म्हणजे स्वतःबद्दल मोठ्यानं बोलायचं. तेविसाव्या वर्षी माझ्यात तेवढा धीर नव्हता. आपण बाई नाही असं कुणी म्हणेल, अगदी मावशीसुद्धा, याची भीती वाटत होती.

मग नोकरी लागली आणि मी बंगळूरला आले. सोलापूरमुळं थोडं कन्नड कानावरचं होतं, ते इथं कामाला आलं. मी एका लॅबमध्ये हेच काम करते, परक्या लोकांच्या गुणसूत्रांच्या जोड्या लावते, रिपोर्टवर सही करते. कधीतरी माझ्यासारखाच रिपोर्ट येतो. मी त्या डॉक्टरांना फोन करून सांगते, पेशंटला नीट समजावून सांगा, लपवू नका. परक्यांना सांगताना मला कधी अडचण आली नाही.

अंजूचं लग्न तिच्या एकविसाव्या वर्षी झालं. मुलगा सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात सुपरवायझर, चांगला आहे. मोठी बहीण बिनलग्नाची कशी, तर ती अजून शिकतेय, असं मला नोकरी लागली होती तरी आप्पांनी सांगून टाकलं. हळद लावताना अंजू माझ्या कानात म्हणाली, “तू मजेत आहेस बघ ताई. तुला कुणी विचारत नाही.” तिच्यातूनही हे पुढं जाऊ शकतं हे मला ठाऊक होतं. मी तिच्या गालाला हळद लावली.

सहा वर्षांपूर्वी आप्पा गेले. अग्नी मोठीनंच द्यायचा, असं ते आईला सांगून गेले होते. काही नातेवाइकांनी नाकं मुरडली, काहींना मुलीनं अग्नी देणं फार पुढारलेलं वाटलं. मी मडकं खांद्यावर घेऊन फिरत होते आणि मनात येत होतं की हा मान त्यांनी मुलीला दिलेलाच नाही. शेवटची आठ वर्षं त्यांची दुखणीखुपणी अंजूनं काढली होती. ती बायकांमध्ये, घरीच थांबली होती.

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या पोटात दुखायला लागलं. मामानं तिला सोलापूरला आणलं. मी रजा घेऊन पोचले तोवर तपासण्या झाल्या होत्या. जसल्या गाठी माझ्या अठराव्या वर्षी काढल्या होत्या, तसल्याच तिच्या पोटात त्रेसष्ट वर्षं राहिल्या होत्या आणि त्यातली एक बिघडून पसरली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं? निदान वरचेवर तपासण्या झाल्या असत्या.” लवकर कळलं असतं तर वाचल्या असत्या का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “तसं सांगता येत नाही.” मला अजून ते वाक्य पुरत नाही.

दुपारी वॉर्डात गर्दी कमी होती. मावशी उशीला टेकून बसली होती. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. पोहण्यानं काही सुकलं नव्हतं, गर्भपिशवी जन्मापासूनच नव्हती, माझंही तसंच आहे, आईकडच्या रक्तातून आलंय, त्यात कुणाची चूक नाही. गुणसूत्रांचंही सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुला कवा कळलं?”

“तेरा वर्षं झाली.”

“तेरा वर्सं,” ती म्हणाली. “तवा जेवरला आली हुतीस की तू. माझ्या हातची भाकरी खाल्लीस.”

“हो.”

“त्ये तवा जित्ते हुते. वारून पाच वर्सं झाली त्येंना. जाऊन सांगितलं आसतं, म्या न्हाय फसवलं म्हनून.” ती खिडकीकडं बघत होती. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. तिनंच मग विचारलं, “मंग मी बाई न्हाय व्हय?”

“आहेस, मावशी. तू बाईच आहेस.”

“त्ये मला ठावं हाय,” ती म्हणाली. “बाई नसते तर माघारी धाडली आसती व्हय मला? तुला ठावं हाय का, ह्ये इचारत हुते मी.”

मावशी गेल्यावर मी अंजूला तिच्या घरी जाऊन सांगितलं. आईनं फोनवर रडून अडवायचा प्रयत्न केला, पण या वेळी मी ऐकलं नाही. अंजूची मुलगी सई तेव्हा आठ वर्षांची होती आणि बाहेर खेळत होती. अंजू ओट्याशी, माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

“लग्नाच्या आधी सांगायचं की गं ताई,” ती म्हणाली. “मी काय लग्न मोडलं असतं? पण मला ठाऊक असतं. आणि आप्पांचं... मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे.”

सईची तपासणी तिनं करून घेतली, माझ्या लॅबमध्ये नाही. फोनवर एवढंच म्हणाली, “रिपोर्ट ठीक आहे. दोन एक्स आहेत. पुढचं तिचं ती मोठी झाल्यावर ठरवेल. मी तिला सगळं सांगून ठेवणार आहे.” नंतर कळलं की तिनं खरंच सांगितलं, कणीक मळता मळता, आजीच्या देखत. माझंही सांगितलं. सईनं विचारलं म्हणे, मग ताईमावशी मुलगी आहे ना? अंजू म्हणाली, “हो, पण खोटारडी आहे.” आईनं मला हे हसत सांगितलं. अंजू हसत म्हणाली होती की नाही, ते मी विचारलं नाही. पूर्वी ती दर रविवारी फोन करायची. आता सणावाराला करते.

इथं बंगळूरमध्ये सोलापूरकडचे बरेच जण भेटतात. घर सोडून आलेल्या माणसांची आपसात एक बोली असते, तिकडची चटणी, तिकडचं ऊन, तिकडची भाषा. मीही त्यात बोलते. पण खरं सांगायचं तर पंधरा-वीस वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी असं ठिकाण होतं, जिथून मला लपवून बाहेर काढलं गेलं. आईआप्पांनी लपवलं याचा मला राग होता, आणि त्याच रागाच्या आडोशाला बसून मी मावशीशी तेच केलं. माझ्या शरीराचं जे झालं ते कुणाच्या हातात नव्हतं. बाकीचं सगळं आमच्या हातात होतं.

मागच्या वेळी सोलापूरला गेले तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “मी शपथ घातली नसती तर?”

मी म्हटलं, “मी मोडली असती तर?”

मग आम्ही दोघी गवार मोडत राहिलो.

आता कुणी विचारलं, घर कुठं, तर मी सोलापूरच सांगते. माझ्याबद्दलचं खरं ज्यांना माहीत आहे अशी तीन माणसं तिथं राहतात, माझी म्हातारी आई, रागावलेली अंजू आणि दहा वर्षांची सई. त्यांच्यासमोर मला काही लपवावं लागत नाही, माझ्यासाठी घर म्हणजे आता एवढंच. मावशी चौथी होती. तिला ते फक्त अकरा दिवस माहीत होतं.